मधला आवाज

आज ज्या रेकॉर्डविषयी लिहायचे आहे तिचे नाव म्हणजे नुसती तीन आडनावे आहेत : 'क्रॉस्बी, स्टिल्स अँड नॅश'. अमेरिकेतल्या अटलांटिक कंपनीने ती २९ मे १९६९ रोजी बाजारात आणली. दोन बाजू, दहा गाणी, सगळी मिळून सुमारे ४१ मिनिटे. डेव्हिड क्रॉस्बी, स्टीफन स्टिल्स आणि ग्रॅहम नॅश या तिघांनी एकत्र येऊन केलेली ही पहिली एलपी. पुढे या मंडळींनी जवळजवळ अर्धे शतक कधी एकत्र, कधी भांडून वेगळे होत, कधी पुन्हा जुळवून घेत गायन केले. आज त्यांच्यातला एक या जगात नाही. पण पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात 'तीन माणसांनी मिळून गाणे' म्हणजे काय, हे ज्यांना समजून घ्यायचे असेल त्यांना अजूनही याच तबकडीकडे यावे लागते.

मिळून गाणे ही गोष्ट आपल्याला नवी नाही. गोव्यात चतुर्थीला घुमट, शामेळ आणि कासाळे यांच्या साथीवर आरत्या रंगतात तेव्हा वीस-पंचवीस माणसे गात असतात. सप्ताहात तर अख्खा गाव गातो. पण तिथे सगळे एकच चाल, एकाच स्वरात गातात. कोणाचा आवाज जाड, कोणाचा बारीक, कोणी वरच्या सप्तकात, कोणी खालच्या. तरी स्वर एकच. वेगवेगळे स्वर एकाच वेळी गाऊन त्यांचा मेळ घालणे ही आपल्या भजनाची रीत नाही. मात्र तीच घुमट शेजारच्या ख्रिस्ती घरातल्या मांडोलाही साथ करते, आणि मांडो गाताना दुसरा आवाज पहिल्यापासून तिसऱ्या किंवा सहाव्या स्वराचे अंतर राखून चालतो. चर्चच्या कोयरमध्ये तर असे चार आवाज असतात. म्हणजे दोन्ही रीती गोमंतकीयांच्या कानावर लहानपणापासून पडलेल्या आहेत. आपण कोणत्या घरात जन्मलो यावर एक रीत 'आपली' आणि दुसरी 'त्यांची' ठरते, एवढेच. गोव्याच्या चर्चशाळांत सोल्फेज शिकलेल्या सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या वादकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीतात हीच दुसरी रीत नेली आणि मग ती साऱ्या देशाच्या कानात शिरली. तेव्हा 'हार्मनी' हा शब्द परका वाटला तरी वस्तू आपल्या ओळखीची आहे.

ही हार्मनी अगदी ढोबळपणे सांगायची तर एकाने षड्ज धरला, दुसऱ्याने पंचम धरला, आणि तिसऱ्याने मधला गंधार लावला की तिघांचा मिळून एक चौथाच नाद तयार होतो. यात खालचा आवाज पाया असतो, तो कळतो. वरचा आवाज झेंड्यासारखा फडकतो, तोही कळतो. मधला मात्र सहसा वेगळा ऐकू येत नाही. पण गंमत अशी, की तो गंधार शुद्ध की कोमल यावर साऱ्या मेळाचा रंग ठरतो. शुद्ध असेल तर प्रसन्न, कोमल असेल तर उदास. जो दिसत नाही तोच भाव ठरवतो. या मधल्या आवाजाची जागा आणि ती सांभाळणारा माणूस हा या तबकडीच्या इतिहासातला मला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग आहे.

हा माणूस म्हणजे डेव्हिड क्रॉस्बी. जन्म १९४१, लॉस एंजेलिस. वडील फ्लॉइड क्रॉस्बी हे हॉलिवूडमधले छायालेखक, 'टाबू' या १९३१ च्या चित्रपटासाठी ऑस्कर मिळवलेले. मुलगा १९६४ मध्ये 'द बर्ड्स' या गटात आला. लोकगीताच्या धाटणीची गाणी विजेच्या गिटारवर आणि रॉकच्या ठेक्यावर गाणारा हा गट. १९६५ मध्ये त्यांनी बॉब डिलनचे 'मिस्टर टँबोरिन मॅन' असे गायले की ते अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले आणि 'फोक-रॉक' हा शब्द रूढ झाला. क्रॉस्बी तिथेही जोडआवाज देत असे. पण माणूस तापट, बोलण्यात बेफाम, स्वतःविषयी ठाम. १९६७ च्या जूनमध्ये माँटेरीच्या संगीत महोत्सवात त्याने दोन गाण्यांच्या मध्ये रंगमंचावरून राजकीय भाषणे केली, आणि वर दुसऱ्याच गटाबरोबर, म्हणजे बफेलो स्प्रिंगफील्डबरोबरही तो वाजवायला उभा राहिला. त्याच्या एका गाण्यावरूनही वाद झाला. ऑक्टोबर १९६७ मध्ये बर्ड्सच्या दोन सहकाऱ्यांनी त्याच्या घरी जाऊन त्याला काढून टाकल्याचे सांगितले.

बफेलो स्प्रिंगफील्डमध्ये स्टीफन स्टिल्स होता. जन्म १९४५, टेक्ससमधल्या डॅलसचा. गिटार, बास, ऑर्गन, जे हाती येईल ते वाजवणारा. त्याच गटात नील यंग नावाचा कॅनडाचा एक तरुणही होता आणि या दोघांचे एकमेकांशिवाय चालत नसे आणि पटतही नसे. १९६८ च्या मे महिन्यात तो गट फुटला. तिसरा ग्रॅहम नॅश. जन्म १९४२, ब्लॅकपूल. वाढला मँचेस्टरला लागून असलेल्या सॅलफर्डमध्ये. शाळासोबती अ‍ॅलन क्लार्कबरोबर त्याने 'द हॉलीज' हा गट उभा केला होता. इंग्लंडमध्ये त्यांची गाणी ओळीने गाजत होती. पण नॅशची नवी गाणी सहकाऱ्यांना रुचेनात. कासाब्लांकाहून मराकेशला जाणाऱ्या रेल्वेगाडीच्या प्रवासावर त्याने केलेले 'मराकेश एक्सप्रेस' हे गाणे हॉलीजला पसंत पडले नाही. १९६८ च्या डिसेंबरमध्ये तो बाहेर पडला. एक काढलेला, एक फुटलेल्या गटातला, एक कंटाळून निघालेला, असे हे तिघे होते.

त्यांचा मेळ कसा जमला याची कथा प्रसिद्ध आहे. १९६८ चा उन्हाळा. लॉस एंजेलिसच्या डोंगरातली लॉरेल कॅन्यन ही वस्ती. तिथे त्या काळी गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची घरे एकमेकांना लागून होती आणि दारे उघडी असत. एका संध्याकाळी स्टिल्सने 'यू डोंट हॅव टू क्राय' हे आपले नवे गाणे काढले. क्रॉस्बीने त्यात आवाज मिसळला. नॅश ऐकत होता. पुन्हा गा, म्हणाला. पुन्हा गायले. आणखी एकदा, म्हणाला, आणि तिसऱ्या वेळी त्याने वरून आपला आवाज लावला. मध्येच तिघे थांबले आणि हसत सुटले, कारण असा नाद त्यांनी स्वतःही कधी ऐकला नव्हता. हे घर कोणाचे यावर मात्र त्यांचे आयुष्यभर एकमत झाले नाही. नॅश म्हणे जोनी मिचेलचे, स्टिल्स म्हणे कॅस इलियटचे. ज्या क्षणी तिघे एक झाले त्या क्षणाचा पत्ताही त्यांना एकमताने सांगता आला नाही, यातच पुढची सगळी कथा आली.

मग गटाला नाव काय द्यायचे? इथे तिघांनी आपला अनुभव वापरला. क्रॉस्बीला काढल्यावरही बर्ड्स चालू राहिले. नॅश गेला तरी हॉलीज चालू राहिले. नाव गटाचे असते, माणसे बदलता येतात. तेव्हा आपली आडनावेच गटाचे नाव करायचे, म्हणजे आपल्यातला एकही नसेल तर हे नाव कोणाला लावता येणार नाही. विचार चोख, पण त्यामागे विश्वासापेक्षा सावधपणा जास्त होता. नॅश अमेरिकेत एपिक कंपनीशी करारबद्ध होता आणि इतर दोघांना अटलांटिककडे जायचे होते. तेव्हा एक अदलाबदल झाली. बफेलो स्प्रिंगफील्डमधल्या रिची फ्युरेचा 'पोको' हा नवा गट एपिककडे गेला आणि नॅश अटलांटिककडे आला. अटलांटिकचे अहमत एर्तेगुन, इस्तंबूलमध्ये जन्मलेले, तुर्की राजदूताचे चिरंजीव, या सौद्यामागे होते. त्याआधी या तिघांनी लंडनमध्ये बीटल्सच्या अ‍ॅपल कंपनीलाही गाऊन दाखवले होते. अ‍ॅपलने त्यांना घेतले नाही.

तो काळही लक्षात घ्यायला हवा. १९६८ च्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्युथर किंग यांची हत्या झाली. जूनमध्ये लॉस एंजेलिसमध्येच रॉबर्ट केनेडींना गोळ्या घातल्या गेल्या. व्हिएतनामचे युद्ध चालू होते, ऑगस्टमध्ये शिकागोच्या रस्त्यांवर पोलिसांनी तरुणांना झोडपले होते. आणि रॉक संगीत दिवसेंदिवस मोठ्या आवाजाचे होत चालले होते. क्रीम, जिमी हेंड्रिक्स, मग १९६९ च्या जानेवारीत लेड झेपेलिनची पहिली एलपी. अशा गोंगाटात तीन माणसे लाकडी गिटार घेऊन हळू आवाजात गायला लागली, म्हणून लोकांनी कान टवकारले.

१९६९ च्या सुरुवातीला हॉलिवूडमधल्या वॉली हायडर यांच्या स्टुडिओत काम सुरू झाले. ध्वनिमुद्रक होते बिल हॅल्व्हर्सन. ड्रम्सवर डॅलस टेलर. बाकीची जवळपास सगळी वाद्ये, म्हणजे बास, ऑर्गन आणि बहुतेक गिटार, स्टिल्सने एकट्याने वाजवली. म्हणून त्याला 'कॅप्टन मेनी हँड्स', म्हणजे अनेक हातांचा कप्तान असे टोपणनाव पडले. दहापैकी चार गाणी स्टिल्सची, तीन नॅशची, दोन क्रॉस्बीची आणि 'वुडन शिप्स' हे एक क्रॉस्बी, स्टिल्स आणि जेफरसन एअरप्लेनच्या पॉल कँटनर यांनी क्रॉस्बीच्या शिडाच्या जहाजावर बसून केलेले. हिशेबाने पाहिले तर ही स्टिल्सची रेकॉर्ड आहे. कानाने ऐकले तर ती कोणा एकाची वाटत नाही. याचे कारण आवाज. तिघांचे मिळून गाणे आधी मुद्रित करायचे, मग तेच पुन्हा गाऊन त्यावर चढवायचे. त्यामुळे तीन आवाज सहा होतात आणि कडा विरघळून जातात.

पहिल्या बाजूचे पहिलेच गाणे सात मिनिटांहून लांब. 'सूट : ज्युडी ब्लू आइज'. गायिका ज्युडी कॉलिन्स आणि स्टिल्स यांचे प्रेम त्या वेळी तुटत आले होते, त्या तुटण्याचे हे गाणे. चार तुकडे एकाला एक जोडलेले. पण मराठी श्रोत्याने यात एक वेगळीच गोष्ट ऐकावी. स्टिल्सने यासाठी आपली गिटार नेहमीसारखी लावलेली नाही. सहा तारांपैकी पाच एकाच स्वराला आणि एक त्याच्या पंचमाला. म्हणजे पाच षड्ज आणि एक पंचम. हा तर आपला तंबोरा झाला! म्हणूनच ते गाणे सुरू होताच पाठीमागे एक अखंड गुंजन उभे राहते आणि त्यावर तिघे आवाज ठेवतात. एरवी हार्मनीच्या संगीतात तळाचा आधार सतत बदलत असतो. इथे आधार स्थिर आहे, आपल्यासारखा, आणि वर मेळ आहे तो त्यांच्यासारखा.

हा योगायोग म्हणावा की संस्कार? स्टिल्सने ही जुळणी बफेलो स्प्रिंगफील्डचा बासवादक ब्रूस पामर याच्याकडून उचलली असे सांगतात. पण या मंडळींच्या कानावर हिंदुस्थानी संगीत पडलेले होते हे नक्की. क्रॉस्बी तर रविशंकरांचा भक्तच. १९६५ मध्ये बीटल्स लॉस एंजेलिसला आले असताना जॉर्ज हॅरिसनला रविशंकरांच्या वादनाची गोडी लावणाऱ्यांत क्रॉस्बी होता. हॅरिसन आणि सतार यांची पुढची कथा सर्वांना माहीत आहे. क्रॉस्बी स्वतःही गिटारच्या तारा आपल्या मनाप्रमाणे लावी. या रेकॉर्डवरचे त्याचे 'ग्विनिव्हिअर' त्याच पद्धतीचे. ते ऐकताना ठेका कुठे पडतो तेच चटकन सापडत नाही, आणि तरीही गाणे डगमगत नाही. जाझचा बादशहा माइल्स डेव्हिस याने १९७० मध्ये त्याचे स्वतःचे रूप मुद्रित केले, यावरून त्या चालीचे वेगळेपण कळावे.

आपल्याकडे जाणकार सांगतात की तंबोरा उत्तम लागला की न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येतो. तारा षड्ज-पंचमाच्या, पण त्यांच्या नादातूनच गंधार उमटतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. क्रॉस्बीचा मधला आवाज मला तसा वाटतो. या तिघांच्या मेळात बहुतेक वेळा स्टिल्स खाली, नॅश वर आणि क्रॉस्बी मध्ये असे. नॅशचा उंच, धारदार आवाज आणि स्टिल्सचा किंचित घोगरा आवाज सहज ओळखता येतो. क्रॉस्बीचा शोधावा लागतो. शिवाय तो सरळ रेषेत चालत नसे. वरचा-खालचा जिकडे जाईल तिकडे समांतर जाण्याऐवजी तो मध्येच एखादा अनपेक्षित स्वर धरून बसे आणि त्या स्वराने साऱ्या मेळाला एक वेगळी छटा येई. 'हेल्पलेसली होपिंग' हे अडीच-पावणेतीन मिनिटांचे गाणे यासाठी ऐकावे. फक्त एक गिटार आणि तीन आवाज. त्यात मधल्या आवाजावर कान ठेवून शेवटपर्यंत जायचा प्रयत्न करावा. दोन-चारदा हातातून निसटेल. एकदा सापडला की मग गाणे पूर्वीसारखे ऐकूच येत नाही.

आणि इथेच तबकडीचा संबंध येतो. एलपीच्या एका बाजूला खाच एकच असते. बाहेरच्या कडेपासून आत लेबलपर्यंत गोल गोल गेलेली एकच अखंड रेघ. मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेरे या वेगाने वीस मिनिटांत तबकडी साडेसहाशेहून जास्त वेळा फिरते आणि सुई त्या खाचेतून चारशे मीटरांहून अधिक चालते. स्टिरिओ रेकॉर्डमध्ये खाचेची एक भिंत डाव्या बाजूचा आवाज सांभाळते, दुसरी उजव्या बाजूचा. पण मेळातले आवाज मोजून तीन रेघा तिथे नसतात. गळे तीन, पण मेळ खाचेत उतरतो तो एकच थरथर होऊन. सूक्ष्मदर्शकाखाली धरले तरी हा क्रॉस्बी, हा नॅश असे कोणी दाखवू शकणार नाही. वेगळे करण्याचे काम शेवटी ऐकणाऱ्याच्या कानालाच करावे लागते. ज्या तिघांनी खबरदारी म्हणून आपली नावे एकमेकांपासून वेगळी राखली, त्यांचे आवाज मात्र त्या खाचेत कायमचे एक होऊन बसले आहेत.

बाजू उलटण्यालाही अर्थ आहे. पहिली बाजू बरीचशी घरगुती : तुटणारे प्रेम, रेल्वेचा प्रवास, दौऱ्यावर निघण्याची घाई. उठून तबकडी उलटली की 'वुडन शिप्स' सुरू होते आणि आपण एकदम अणुयुद्धानंतरच्या जगात येतो. दोन शत्रुपक्षांतली वाचलेली माणसे एकमेकांना भेटतात, अशी त्याची कल्पना. याच बाजूला 'लाँग टाइम गॉन' आहे. रॉबर्ट केनेडींच्या हत्येनंतर क्रॉस्बीने ते लिहिले. इथे तो मधला आवाज राहत नाही, पुढे येऊन एकटा गातो, आणि त्याचा संताप ऐकू येतो. म्हणजे माणसाला एकट्याने गर्जता येत होते. तरी बाकीच्या वेळी त्याने मध्ये उभे राहणे पत्करले होते.

रेकॉर्डचे कव्हर हीही एक कथा आहे. हेन्री डिल्ट्झ हे छायाचित्रकार, गॅरी बर्डन हे रचनाकार. वेस्ट हॉलिवूडमधल्या एका पडीक घराबाहेर जुना सोफा पडला होता. तिघे त्यावर बसले, फोटो निघाला. नंतर लक्षात आले की डावीकडून नॅश, स्टिल्स, क्रॉस्बी असे ते बसले आहेत, म्हणजे नावाच्या नेमके उलट. तोवर नाव पक्के झाले होते. काही दिवसांनी पुन्हा फोटो काढायला गेले तर घर पाडून टाकलेले, सोफा ढिगाऱ्यात. मग तोच फोटो ठेवला. आजही ती रेकॉर्ड हातात घेणारा माणूस डावीकडच्या नॅशला क्रॉस्बी समजतो. मागच्या बाजूला दाराच्या काचेतून एक चेहरा डोकावतो तो ड्रमवादक डॅलस टेलरचा. त्याचे नाव मुखपृष्ठावर नाही, कारण गटाच्या नावात त्याला जागा नव्हती.

रेकॉर्ड अमेरिकेच्या यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत चढली. 'मराकेश एक्सप्रेस', जे हॉलीजला नको होते, ते पहिल्या तिसांत गेले. १९७० मध्ये उत्तम नवोदित कलाकारांचा ग्रॅमी पुरस्कार यांना मिळाला. तिघेही चांगले मुरलेले असताना 'नवोदित'! पण कार्यक्रम करायचे तर अडचण अशी की रेकॉर्डवर स्टिल्सने एकट्याने वाजवलेली वाद्ये रंगमंचावर कोण वाजवणार? एर्तेगुन यांनी नील यंगचे नाव सुचवले. चौथे आडनाव जोडले गेले. १६ ऑगस्ट १९६९ ला शिकागोत पहिला कार्यक्रम झाला आणि दुसरा थेट वुडस्टॉकला, १८ ऑगस्टच्या पहाटे तीनच्या सुमारास, लाखोंच्या जमावापुढे. त्याच महोत्सवात दोन रात्री आधी, भर पावसात, रविशंकर सतार वाजवून गेले होते. यंगने मात्र आपले चित्रीकरण करू दिले नाही. नावात आला, चित्रात आला नाही.

चौघांची 'देजा व्हू' ही एलपी मार्च १९७० मध्ये आली आणि पहिल्या क्रमांकावर गेली. खप पहिलीपेक्षा कितीतरी जास्त. पण ती करताना काय काय झाले ते पाहा. स्टिल्सचे ज्युडी कॉलिन्सशी तुटले. नॅशचे जोनी मिचेलशी तुटत आले. ३० सप्टेंबर १९६९ ला क्रॉस्बीची मैत्रीण क्रिस्टीन हिंटन मोटार अपघातात गेली आणि तो कोसळला. स्टुडिओत काम करताना रडू लागे. चौघे बरेचदा वेगवेगळ्या वेळी येऊन आपापली गाणी मुद्रित करीत. त्या रेकॉर्डला शंभर वर्षांपूर्वीच्या जुन्या कौटुंबिक अल्बमसारखे खरखरीत कव्हर केले, वर जुन्या तंत्राचा भास देणारा फोटो चिकटवला. मुखपृष्ठावर ते एका कुटुंबासारखे दिसतात. प्रत्यक्षात कुटुंब विस्कटत होते. ४ मे १९७० ला ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात सैनिकांच्या गोळीबारात चार विद्यार्थी मारले गेले. यंगने गाणे लिहिले, चौघांनी ते २१ मेला मुद्रित केले आणि जूनमध्ये ते बाजारात आले. अन्यायाविरुद्ध ते असे तत्काळ एक होऊ शकत होते. पण त्याच उन्हाळ्यात गट फुटला.

पुढचा इतिहास म्हणजे भरती-ओहोटी. १९७४ मध्ये चौघांचा मोठ्या मैदानांवरचा दौरा. १९७७ मध्ये तिघांची नवी रेकॉर्ड, जी दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. मग क्रॉस्बीचे व्यसन. अमली पदार्थ आणि शस्त्र बाळगल्याच्या गुन्ह्यात तो १९८५-८६ मध्ये टेक्ससच्या तुरुंगात गेला. १९९४ मध्ये यकृताचे प्रत्यारोपण. १९९७ मध्ये तिघांना रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये मान मिळाला. ३ डिसेंबर २०१५ ला वॉशिंग्टनमध्ये नाताळच्या सरकारी सोहळ्यात ते शेवटचे एकत्र गायले. २०१६ मध्ये नॅशने जाहीरपणे सांगून टाकले की आता पुन्हा नाही. इतकी वर्षे क्रॉस्बीला सांभाळून घेणारा नॅशच शेवटी दूर झाला, यावरून क्रॉस्बीशी वागणे किती कठीण असेल ते समजावे. २०१९ च्या माहितीपटात क्रॉस्बीने स्वतःच कबूल केले की ज्यांच्याबरोबर त्याने मोठे संगीत केले त्यांतले मुख्य लोक आता त्याच्याशी बोलतही नाहीत. आणि तरीही २०१४ ते २०२१ या सात-आठ वर्षांत या माणसाने आपल्याहून कितीतरी तरुण वादक जमवून पाच नव्या रेकॉर्ड केल्या. १८ जानेवारी २०२३ ला, वयाच्या ८१ व्या वर्षी, तो गेला.

मला प्रश्न पडतो तो हा. ज्याचे आयुष्यात कोणाशीच जुळले नाही, ज्याला मध्यम मार्ग ठाऊक नव्हता, त्यानेच मेळातला मधला आवाज का गावा? आणि इतका उत्तम कसा गावा? मधला आवाज गाणाऱ्याला दोन्हीकडे ऐकत राहावे लागते. वरच्याला अडवायचे नाही, खालच्याला सोडायचे नाही, आणि आपण दिसायचे नाही. जगण्यात क्रॉस्बीला हे एक दिवसही साधले नाही. गाण्यात मात्र साधले. संगीत माणसाला सुधारते असे आपण सहज बोलून जातो. ही तबकडी तसे सांगत नाही. ती एवढेच सांगते की माणूस जसा आहे तसाच राहूनही, काही मिनिटांपुरता, आपल्याहून मोठ्या गोष्टीत आपली नेमकी जागा शोधू शकतो. ती काही मिनिटे टिकवून ठेवायला खाच असली म्हणजे झाले.

ऐंशीच्या दशकात कॅसेट आणि सीडीच्या लाटेत तबकड्या माळ्यावर गेल्या, आपल्याकडे तर भंगारातही गेल्या. पण काळ उलटला. २०२२ मध्ये अमेरिकेत विकल्या गेलेल्या तबकड्यांची संख्या १९८७ नंतर प्रथमच सीडीपेक्षा जास्त भरली. हौस, फॅशन, जुन्याचे वेड, काहीही म्हणा. मला त्यात एक साधे कारणही दिसते. मोबाइलवर गाणे पुढे ढकलणे बोटाच्या टोकावर असते. तबकडी लावली की वीस मिनिटे बसावे लागते. आणि मधला आवाज शोधायचा तर बसल्याशिवाय गत्यंतर नाही.

आपल्या गावात आरत्या म्हणताना सर्वांचा एक स्वर लागतो तेव्हा अंगावर काटा येतो, तो 'आपण सारे सारखे' या भावनेने. पलीकडच्या वाड्यावर मांडो रंगतो तेव्हाही काटा येतो, पण तो 'आपण वेगळे असून जुळलो' या भावनेने. गोव्यात राहणाऱ्याला या दोन्ही गोष्टी लागतात, आणि दुसरी अधिक अवघड आहे. तीन भांडखोर माणसांना ती ४१ मिनिटे साधली. त्यांतल्या एकाची जागा आता रिकामी झाली आहे आणि उरलेल्यांनी कितीही म्हटले तरी ती भरून निघायची नाही. खाचेत मात्र ती भरलेलीच आहे. ऐकणाऱ्याने फक्त कान मध्ये ठेवायचा.